लग्न पाहिले करून, घर कधी पाहणार बांधून?

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण आम्ही मुसलमानही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या वडीलधाऱ्यांनी मात्र तिचा उत्तरार्धच तेवढा मनावर घेतला. लग्ने अशी केली की चार गावांनी नाव काढावे. घर होते तिथेच राहिले. पुढे टिनपत्रे, मागे मातीची भिंत आणि पावसाळ्यात गळत्या जागी ठेवलेली भांडी. आज हीच मंडळी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर बसून तरुणांच्या नावाने बोटे मोडतात. म्हणतात, "आजकालच्या पोरांच्या अपेक्षा फार वाढल्या. आम्ही एका खोलीत सात भावंडे वाढलो. यांना लग्नाआधीच स्लॅबचे घर पाहिजे, फरशी पाहिजे, घरात संडास पाहिजे, सुनेला वेगळी खोली पाहिजे!"

आमचा हा लेख त्या पोरांच्या बाजूने आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. ओट्यावर बसणारे आमचेच बाप, चाचा, मामू आहेत. त्यांच्याशी आमचे वैर नाही. पण ते जे बोलतात ते खरे नाही, आणि खरे नसलेले वाक्य वडिलांनी उच्चारले म्हणून खरे होत नाही.

वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातले आमचे रिठद सोयाबीन-तुरीचे गाव. आमच्या आजोबांनी इथे घर बांधले ते आम्ही ऐकून आहोत. जागा गावठाणातली, बापाकडून आलेली. माती नाल्याकाठची, लाकूड धुऱ्यावरच्या बाभळी-निंबाचे. मजुरी रोखीने कोणी दिली नाही. आज यांच्या भिंतीला ते आले, उद्या त्यांच्या छपराला हे गेले. सारवण-लिंपण घरातल्या बायांनी केले, त्याचा हिशेब तर कोणी कधी धरलाच नाही. रोख पैसा लागला तो दार-चौकट आणि खिळे-बिजागऱ्यांपुरता. म्हणजे आमच्या आजोबांनी घर विकत घेतले नाही, ते उभे केले. आजच्या तरुणाला मात्र जागेपासून रेतीपर्यंत प्रत्येक वस्तू विकत घ्यावी लागते. सिमेंट, लोखंड, विटा, गवंड्याची मजुरी, पाण्याचा टँकर, विजेचे मीटर, सगळे रोख. घर 'विकत घेणारी' आमच्या खेड्यातली ही पहिलीच पिढी आहे. तिची तुलना घर उभे करणाऱ्या पिढीशी करणे म्हणजे विहिरीचे पाणी पिणाऱ्याने बाटलीतले पाणी विकत घेणाऱ्याला उधळ्या ठरवण्यासारखे आहे.

आता जागेचे पाहू. गावठाण भरले. एका घराची चार घरे झाली, ओसरीची खोली झाली, अंगणाची गल्ली झाली. ज्याच्या वाट्याला तीही आली नाही तो ई-क्लासवर गेला. त्याच्या डोक्यावर अतिक्रमणाची टांगती तलवार आहे. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांचा विषय हाती घेतला, तेव्हा नोटिसांच्या धास्तीने किती घरांत चुली पेटल्या नसतील, याची कल्पना पक्क्या घरात राहणाऱ्यांना येणार नाही. ज्याच्याकडे चार पैसे होते त्याने गावालगतच्या शेतात पाडलेला प्लॉट घेतला. कसा घेतला? बाँडवर. दोन साक्षीदार, एक नोटरी, चहाचे दोन कप, झाला व्यवहार.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. आमच्या धाकट्या भावाने सहा वर्षे पुण्यात गोदामावर काम करून साठवलेल्या पैशातून असाच एक प्लॉट घेतला. सातबारा मूळ मालकाच्या नावावर, जमीन शेतीची, तुकडा कायद्याने विकता येणारच नाही इतका लहान. बँकेने कर्ज नाकारले. घरकुलासाठी गेला तर जागेचा उतारा मागितला. बाँड दाखवला तर साहेब हसले. मालक वारला, त्याच्या मुलांनी हात वर केले. भावाकडे आज तो बाँड आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवलेला. घर नाही.

यात अज्ञान होते, हे आम्ही मान्य करतो. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमीन निवासी वापराखाली आणण्याची सोय महसूल कायद्यात आहे, हेही आम्हाला खूप उशिरा कळले. 2025 मध्ये राज्य सरकारने अशा लहान तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा गावोगावच्या पेट्यांतले बाँड बाहेर निघाले. पण आमच्या मोहल्ल्यातल्या किती जणांना हे कोणी समजावून सांगितले? दर जुम्म्याला शेकडो माणसे एका जागी जमतात. तिथे तलाठ्याकडे कोणता अर्ज द्यायचा हे पाच मिनिटे कोणी सांगितले, तर त्याने काय दीन बुडेल? आमच्या शिकलेल्या लोकांना मुशायऱ्याचे निमंत्रण छापता येते, फेरफाराचा अर्ज लिहून देता येत नाही!

"घरकुल आहे की" असे म्हणणारेही आहेत. 1985 ची इंदिरा आवास 2016 मध्ये पंतप्रधान आवास योजना ग्रामीण झाली. मैदानी भागासाठी अनुदान 1 लाख 20 हजार रुपये, घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर. म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. भागाकार करून पाहा, चौरस फुटाला 446 रुपये पडतात. या भावात स्लॅबचे घर बांधून देईल असा गवंडी रिठदला सोडा, साऱ्या वऱ्हाडात कोणी दाखवावा. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार धरले, 2025 मध्ये राज्याने जाहीर केलेले जास्तीचे 50 हजार धरले, तरी उरलेला खड्डा कर्जानेच भरावा लागतो. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 साठी क्विंटलला 5,328 रुपये होता. तो पुरा मिळाला, असे क्षणभर धरू. तरी सव्वा लाखाचा खड्डा भरायला तेवीस-चोवीस क्विंटल सोयाबीन लागते. बी-बियाणे, फवारणी आणि काढणीचा खर्च आणखी वेगळा. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे त्याने हे कुठून आणायचे? आणि ज्याच्याकडे तेही नाही, जो दुसऱ्याच्या शेतात राबतो, मोटारसायकलवर बांगड्या किंवा फळे विकतो, त्याने?

शिवाय यादीत नाव यावे लागते. 2023 मध्ये राज्याने इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास घरकुल योजना सुरू केली. आमच्यातले बागवान, मणियार, पिंजारी, तांबोळी ओबीसीत आहेत. पण दाखला काढायला जा. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. पणजोबा शाळेत गेलेच नव्हते, आजोबांच्या दाखल्यावर गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिले. गावात सगळे आम्हाला 'बागवान' म्हणून हाक मारतात, कागद मात्र आम्हाला ओळखत नाही. आणि आमच्यातले काही अश्रफ म्हणवणारे वर शिकवतात की इस्लाममध्ये जात नाही, दाखला काढू नका. इस्लाममध्ये जात नाही हे खरेच आहे. मग पोरीचा रिश्ता ठरवताना ती कुठून येते, ते जरा सांगावे.

गावात भागत नाही म्हणून पोरे पुण्या-मुंबईला, अकोल्याला, संभाजीनगरला जातात. तिथे घर घ्यायचे म्हटले की किंमत हा दुसरा प्रश्न होतो. पहिला प्रश्न असतो नाव. फोनवर सगळे ठरते, नाव सांगितले की फ्लॅट 'कालच गेलेला' असतो. सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवून ठेवले आहे की मुसलमानांना अनेक ठिकाणी घर भाड्याने वा विकत मिळणे कठीण जाते. त्याच्या एक वर्ष आधी, 2005 मध्ये, अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा पोटनियम उचलून धरला होता. परिणाम काय होतो? 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली माणसे मुंब्र्यात गेली. तशी प्रत्येक शहरात एक-दोन वस्त्यांत आमची गर्दी होते. जिथे शंभरांना जागा आहे तिथे हजार गिऱ्हाइके उभी राहतात. मग अरुंद गल्लीतली, परवाना नसलेल्या इमारतीतली खोलीही चढ्या भावाने विकली जाते. विकणारा बहुतेक वेळा आपलाच भाईजान असतो, हेही लिहायला हवे. बाहेरच्यांनी दारे बंद केली आणि आतल्यांनी त्या बंद दारांचा धंदा केला. या दोघांच्या मध्ये उभा असलेला पोरगा पहिले घर शोधतो आहे, आणि आम्ही त्याला म्हणतो, तुझ्या अपेक्षा वाढल्या!

आता कर्जाचे. व्याजाचा विषय आम्ही टाळणार नाही. 30 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता 26 हजारांच्या घरात जातो आणि परतफेड साडेबासष्ट लाखांच्या आसपास होते. एक घर घ्यायचे आणि दोन घरांचे पैसे द्यायचे. यातला जुलूम कळायला मुसलमान असण्याची गरज नाही. ज्याचा ईमान हे कर्ज घ्यायला त्याला राजी होऊ देत नाही, त्याचा आम्ही आदर करतो. पण त्याच्यासाठी कौमने कोणता दुसरा रस्ता खुला केला? ब्रिटनमध्ये तिथल्या मुसलमानांनी सरकारपुढे हा प्रश्न मांडला. बँक घर आधी स्वतः घेऊन मग गिऱ्हाइकाला विकते, त्यात दोनदा मुद्रांक भरावा लागत होता. तो दुहेरी भार 2003 च्या कायद्याने काढला. युरोपातील उलेमांच्या एका परिषदेने 1999 मध्ये गरजवंताला राहत्या पहिल्या घरासाठी बँकेच्या कर्जाची मुभा दिली. त्यावर मतभेद झाले, आजही आहेत, पण निदान चर्चा तरी झाली. आपल्याकडे रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. आमच्याकडून त्यावर एखादा धड अर्ज तरी गेला का? उलट 2019 मध्ये बंगळुरूत 'हलाल गुंतवणुकी'च्या नावाने हजारो मुसलमान कुटुंबांची पुंजी बुडाली. त्यात घरासाठी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते. बँकेच्या व्याजाला हराम म्हणणारे आम्ही दाढी-टोपी पाहून पैसे हवाली करतो, आणि गावातल्या सावकाराला शेकडा तीन-पाच रुपये महिना गुपचूप देतो. त्याला मात्र आम्ही 'मजबुरी' म्हणतो. पोराने बँकेत अर्ज केला की तीच मजबुरी 'गुनाह' होते.

इथवर सरकारचे, बँकेचे, शहराचे दोष काढले. ते सोपे असते. आता स्वतःकडे येऊ.

आमच्या वडिलांनी आमच्या तीन बहिणींची लग्ने केली. मंगनी, हळद, निकाह, जेवणावळी, भांडी, कपाट, पलंग, जावयाला गाडी. दोन एकरांपैकी एक एकर त्यात गेले. वाढदिवसाला केक कापणाऱ्या आजच्या पोरांना उधळे म्हणणाऱ्यांनी हे एक एकर आठवावे. नंतर वडील वारले, घराच्या वाटण्या झाल्या. सूरह निसाने मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे, भावाच्या निम्मा का होईना, पण ठरवून दिलेला आहे. आम्ही भावांनी काय केले? "त्यांच्या लग्नात खर्च झाला ना" असे म्हणून बहिणींच्या सह्या घेतल्या. शेतजमिनीचे तर विचारूच नका. 1937 च्या शरीयत कायद्याने तिला बाजूलाच ठेवले आहे, आणि तेवढी पळवाट आम्हाला नेमकी पाठ असते. सह्या करताना धाकटी बहीण फक्त एवढेच म्हणाली, "भाईजान, कपाटात राहता येत नाही."

त्या वाक्यापुढे आमच्याकडे आजही उत्तर नाही. जहेजचे कपाट तिच्या सासरी गंजून गेले. ती भाड्याच्या खोलीत राहते. तिच्या लग्नावर खर्च झालेल्या त्या एक एकरात तिच्या नावाचा एक प्लॉट सहज निघाला असता.

म्हणून आता नात्यातल्या एका मुलीने केले ते आम्हाला उद्धटपणाचे वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी तिला चांगल्या घरचा रिश्ता आला. मुलगा कमावता. बारावी शिकलेल्या त्या मुलीने एकच विचारले, "घरात संडास आहे का?" नव्हता. ती म्हणाली, "मग मी पहाटे अंधारात बाहेर जाणार नाही." बैठकीत एकदम शांतता पसरली. थोरल्या अम्मींनी कपाळावर हात मारला. आम्हीही त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो. पडद्याची एवढी चर्चा करणाऱ्या समाजात एका मुलीने खऱ्याखुऱ्या पडद्याची मागणी केली, तर आम्ही तिला 'मुंहफट' ठरवले. आमच्या मते त्या दिवशी त्या बैठकीत सर्वांत शहाणी तीच होती.

तेव्हा अपेक्षा वाढल्या ही तक्रार आता पुरे. वाढू द्या. आम्ही तर म्हणतो, त्या अजून पुरेशा वाढलेल्या नाहीत. स्लॅब मागणाऱ्या पोराने कागदही मागावा. फरशी मागणाऱ्या मुलीने त्या कागदावर आपले नाव मागावे. घरकुल योजनेचा नियमच सांगतो की घर पती-पत्नी दोघांच्या किंवा पत्नीच्या नावे असावे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर दोघांची नावे लागतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघू लागल्या. ती मोजणी झाली तेव्हा आमच्या किती घरांनी बायकोचे वा बहिणीचे नाव सांगितले? 2021 पासून राज्यात स्त्रीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. 30 लाखांच्या घरावर ती 30 हजार रुपये होते. एवढी रक्कम आम्ही नवऱ्याच्या अहंकारापायी सोडून देतो.

आणि मेहर? निकाहच्या वेळी काजीसाहेब मेहरची रक्कम वाचतात तेव्हा ती अनेकदा इतकी किरकोळ असते की मंडपाचे भाडे तिच्यापेक्षा जास्त निघावे. तीही 'उधार' लिहिली जाते, आणि बाई मेल्यावर जनाजा उचलण्याआधी ती माफ झाली का, याची चौकशी होते. मेहर ही वधूची हक्काची मिळकत आहे. ती जागेच्या रूपाने का देऊ नये? घराच्या अर्ध्या हिश्श्याच्या रूपाने का देऊ नये? निकाहनाम्यात तसे लिहायला कोणता कायदा किंवा कोणती शरीयत आडवी येते? कोणतीच नाही. आडवी येते ती फक्त आमची सवय.

वलीमा सुन्नत आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हजार ताटांचा वलीमा सुन्नत असल्याचे कोणी दाखवून द्यावे. घरच्या, मोहल्ल्यातल्या पन्नास माणसांना बोलवा, दालचा-खाना करा, दुआ घ्या. उरलेल्या पैशांत जोत्यापर्यंतचे बांधकाम होते. दोन्हीकडच्यांनी ठरवले तर जहेजच्या पैशांत वर स्लॅब पडतो. शादीखान्यात एका रात्रीत विझलेल्या रोषणाईपेक्षा, संडासाच्या दारावर आतून लागणारी कडी त्या नव्या सुनेला आयुष्यभर जास्त उजेड देईल.

रिठदच्या ओट्यावरच्या आमच्या बुजुर्गांना आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या जुम्म्याला पोरांच्या अपेक्षांचा विषय निघाला, तर आधी आपापल्या घरी जाऊन कपाटातला कागद काढून पाहावा. त्यावर कोणाचे नाव आहे ते वाचावे आणि कोणाचे असायला हवे होते ते आठवावे. आम्ही आमचा कागद काढला आहे. त्यावर आमच्या तीन बहिणींच्या सह्या आहेत, आणि त्या फेडल्याशिवाय आम्हाला कोणत्याही पोराला उधळा म्हणण्याचा हक्क नाही.